‘सांता आपल्याकडे येत नाही, मी नॉटी आहे का?’

पत्र

आम्ही न्यू जर्सीत एडिसनजवळ राहतो. मुलगी पाच वर्षांची, यंदा किंडरगार्टनमध्ये गेली; मुलगा नऊ वर्षांचा. आमच्या घरी आजवर सांता आलेला नाही. नाताळच्या सुट्टीत मुलांना भेटवस्तू मिळतात, पण त्या आई-बाबांकडून. परवा मुलगी शाळेतून आली आणि रडायलाच लागली. म्हणाली, ‘सांता सगळ्यांकडे येतो, आपल्याकडे येत नाही. मी नॉटी आहे का?’ मला वाटतं, दोन-चार वर्षं ही मजा तिलाही मिळू द्यावी. नवरा म्हणतो, मुलांशी आपणच खोटं बोललो तर पुढे त्यांनी आपल्यावर विश्वास का ठेवावा? डिसेंबरात सासू-सासरे नाशिकहून येतायत. त्यांचं म्हणणं, ‘आपला सांताशी काय संबंध?’ मुलाला सगळं ठाऊक आहे आणि तो कधी बोलून जाईल याची धास्ती वाटते. काय करावं?

— एक आई, न्यू जर्सी

उत्तर

सांता मानायचा की नाही, हे तुम्ही दोघं पुढच्या पंधरवड्यात ठरवा. ‘मी नॉटी आहे का?’ याचं उत्तर मात्र आजच द्यायला हवं. तुमच्या मुलीचा तर्क चोख आहे. चांगल्या मुलांकडे सांता येतो असं तिला शाळेत कळलं, आपल्याकडे तो आला नाही हे ती स्वतः पाहतेय, आणि त्यातून जे निघतं तेच तिने काढलं. ज्या घरांत सांता येत नाही तिथल्या मुलांना तो खरा लागतो तो असा. विश्वास बसणं आणि उडणं यापेक्षा हे जास्त खोल जातं, आणि पुष्कळ मुलं ते बोलूनही दाखवत नाहीत. तुमची बोलली, हे फार बरं झालं.

तिला जवळ घेऊन इतकंच सांगा: ‘तू मुळीच नॉटी नाहीस. सांता काही घरांत येतो, काही घरांत येत नाही. ते त्या घरातली मोठी माणसं ठरवतात. मुलं चांगली की वाईट, याच्याशी त्याचा काहीही संबंध नाही.’ या वाक्यांचा फायदा असा, की पुढे तुम्ही सांता आणा किंवा आणू नका, ती खरीच राहतात. आठव्या वर्षी तिने आठवून पाहिलं तरी त्यांत खोटं सापडणार नाही. जमलं तर तिच्या वर्गातली अशी दोन-तीन मुलं आठवून द्या, ज्यांच्याकडे सांता येत नाही: कुणी ज्यू, कुणी मुसलमान, कुणी तुमच्यासारख्याच भारतीय घरातलं. तुमच्या भागात ती नक्की असतील. आपण एकटेच नाही हे कळलं की निम्मं रडू तिथेच थांबतं.

आता तुमच्या दोघांमधला वाद. दोघांचंही बरोबर आहे, कारण दोघं वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलताय. ‘सांता’ या एका नावाखाली चार निरनिराळे प्रकार चालतात. पहिली, गोष्ट: उत्तर ध्रुवावरचा म्हातारा, रेनडिअर, धुराड्यातून येणं. दुसरा, खेळ: भेटींसाठी रात्री मोजा टांगायचा, बशीत सांतासाठी बिस्किटं ठेवायची, सकाळी उठून धावत जायचं. तिसरा, तयार केलेला पुरावा: पीठ सांडून उमटवलेले बुटांचे ठसे, अर्धवट खाल्लेली गाजरं, ‘आमच्याच हॉलमध्ये सांता’ असा ॲपवर बनवलेला व्हिडिओ. चौथा, धाक: ‘दूध संपव, सांता बघतोय.’ तुमच्या डोळ्यांपुढे पहिले दोन आहेत, नवऱ्याच्या डोळ्यांपुढे तिसरा. आमचं मत असं: पहिले दोन खुशाल आणि मनापासून करा, पुढचे दोन बिलकुल करू नका, आणि मुलगी ज्या दिवशी गंभीरपणे विचारेल त्या दिवशी खरं सांगा. एवढं पाळलं तर नवऱ्याला ज्याची भीती वाटते ते होत नाही.

हे आम्ही नुसत्या अंदाजाने म्हणत नाही. १९९४ साली कार्ल अँडरसन आणि नॉर्मन प्रेंटिस या मानसशास्त्रज्ञांनी टेक्सासमध्ये ५२ मुलांशी आणि त्यांच्या पालकांशी बोलून एक अभ्यास केला. बहुतेक मुलांना सातव्या वर्षाच्या सुमारास स्वतःहूनच खरं कळलं होतं, आणि त्यांची प्रतिक्रिया एकंदरीत चांगली होती. खंत वाटत होती ती आईवडिलांना. अलीकडे कँडिस मिल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांशी आणि मोठ्यांशीही हेच बोलून पाहिलं. काहींना वाईट वाटलं होतं, पण मुलांमध्ये ते सहसा सौम्य आणि थोड्या काळापुरतं होतं. ज्या मोठ्या माणसांच्या आठवणीत ते जास्त बोचलेलं होतं, त्यांच्या बाबतीत काही गोष्टी पुन्हा पुन्हा दिसल्या: वय वाढल्यावर कळणं, अचानक कळणं, दुसऱ्या कुणीतरी थेट सांगून टाकणं, आणि घरच्यांनी सांताचा फार जोरात पुरस्कार केलेला असणं. यांतल्या शेवटच्या गोष्टीवर तुमचा पूर्ण ताबा आहे. बाकीच्यांवर बराचसा.

नवऱ्याची बाजूही एकाकी नाही. २०१६ साली क्रिस्टोफर बॉयल आणि कॅथी मॅके यांनी ‘लॅन्सेट सायकायट्री’मध्ये हाच मुद्दा मांडला होता, की एवढं मोठं खोटं इतकी वर्षं चालवणारे आईवडील मुलांच्या विश्वासाशी खेळतायत. तो निबंध होता, मुलांवरचा प्रयोग नव्हे, आणि पुढच्या नुकसानीची जी भीती त्यात आहे ती मुलांशी बोलून केलेल्या अभ्यासांत तेवढ्या प्रमाणात दिसत नाही. पण त्यातली एक गोष्ट आम्हाला मनापासून पटते. मोठी माणसं सांता पुष्कळदा स्वतःच्या हौसेसाठी चालवतात, आणि मुलाला शंका येऊ लागली की ती हौस सोडवत नाही. मग मूल एक पाऊल पुढे येतं आणि आईबाप नवा पुरावा उभा करून त्याला मागे ढकलतात.

पुराव्यावर आमचा एवढा राग का, तेही सांगतो. पाच वर्षांचं मूल सांतावर विश्वास ठेवतं ते भोळं असतं म्हणून नव्हे. आई सांगते, बाई सांगतात, दुकानात तो बसलेला दिसतो, अमेरिकेचं (आता कॅनडासह संयुक्त) हवाई संरक्षण दल १९५५ पासून दर नाताळला त्याची घसरगाडी ‘रडारवर’ दाखवतं, टीव्हीवर हवामान सांगणारे तिचा मार्ग सांगतात. सगळी भरवशाची माणसं एकच सांगत असतील तर विश्वास ठेवणं हेच शहाणपणाचं. जॅकलिन वूली आणि सहकाऱ्यांनी २००४ साली एक नवीनच पात्र रचून पाहिलं: हॅलोवीनच्या रात्री गोळ्या-चॉकलेटं घेऊन त्याबदल्यात खेळणं ठेवून जाणारी ‘कँडी विच’. बालवाडीतल्या बऱ्याच मुलांनी ती मानली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की त्यांतल्या थोड्या मोठ्या मुलांमध्ये, ज्यांच्या घरी रात्री खरोखर खेळणं ठेवलं गेलं त्यांचा विश्वास, ज्यांच्या घरी खेळणं ठेवलं नव्हतं त्यांच्यापेक्षा पक्का होता. म्हणजे मूल पुरावा तपासायला शिकतं, आणि नेमक्या त्या शिकण्यालाच बनावट पुरावा फसवतो. पुढे खरं कळल्यावर मुलाला सांता नसल्याचं दुःख फारसं होत नाही. ‘मला फसवायला तुम्ही एवढा खटाटोप केलात’ हे मात्र लागतं.

आपल्याकडे नैवेद्याचं पाहा. मूल विचारतं, ‘बाप्पाने मोदक खाल्ला का?’ आजी काहीतरी उत्तर देते, पण बाप्पाने खाल्ल्याचं सिद्ध करायला रात्री उठून मोदकाचा तुकडा मोडून ठेवत नाही. ताट वाढलं, हात जोडले, नंतर सगळ्यांनी खाल्लं. सांताची बिस्किटंही तशीच ठेवता येतात. सकाळी ती बशीत तशीच दिसली तर दिसू द्या. मुलीने विचारलं, ‘खाल्ली नाहीत?’ तर म्हणा, ‘नाही वाटतं. आपण खाऊया?’

याच न्यायाने एक सल्ला, जो तुम्हाला इतरांकडून उलटा मिळेल. लोक सांगतात, सांताच्या भेटीला वेगळा कागद वापरा, तो लपवून ठेवा, अक्षर बदला, पावती जाळा. काही करू नका. घरात नेहमी असतो तोच कागद, नेहमीचंच अक्षर. हे धागेदोरे तसेच राहू द्या. सातव्या वर्षी ‘हा कागद तर कपाटात आहे’ असं म्हणत ती स्वतः शोध लावेल, आणि स्वतः शोधलेलं खरं मुलांना दुखवत नाही, उलट अभिमान वाटतो. हा खेळ संपण्याचा सगळ्यात चांगला मार्ग हाच.

धाकाबद्दल थोडक्यात. ‘नॉटी लिस्ट’, म्हणजे सांताकडची वाईट वागणाऱ्या मुलांची यादी, घरात उच्चारू नका. वागणं सुधारलंच तर पंचवीस तारखेपर्यंत टिकतं, कुठलाही आईबाप शेवटी भेट काढून घेत नाही हे मूल दोन वर्षांत ओळखतं, आणि जे मूल मनाला लावून घेणारं आहे ते उगाच कुढत राहतं. तुमच्या घरी तर जखम त्याच जागी झालीय. फळीवर बसवायचा तो एल्फ, म्हणजे सांताच्या मदतनिसाचा बाहुला, जो रात्री उत्तर ध्रुवावर जाऊन चहाड्या सांगतो, तोही घेऊ नका. चोवीस रात्री त्याची जागा बदलायची म्हणजे रोज एक नवा पुरावा, आणि एखाद्या रात्री विसरलात की सकाळी सारवासारव. शाळेच्या वर्गात असेल तर असू दे. घरी विचारलं तर ‘तो तुझ्या वर्गातला खेळ आहे’ एवढं पुरे. आजी-आजोबांनाही सांगून ठेवा, की बागुलबुवा नको आणि सांताचाही बागुलबुवा करायला नको.

आता भेटवस्तू. इथे जी चूक होते तिचा त्रास आपल्या मुलांपेक्षा दुसऱ्यांच्या मुलांना होतो, म्हणून जरा सविस्तर. सांताच्या नावाने फक्त छोट्या वस्तू द्या. एक मोजा, त्यात चार-पाच गोष्टी: टोकाशी एक संत्रं, सोनेरी कागदातली चॉकलेटची नाणी, रंगीत खडू, एक छोटं कोडं, एखादं पातळ पुस्तक. सगळं मिळून पंधरा-वीस डॉलरच्या आत. सायकल, टॅबलेट, बाहुलीचं घर, जे काही महाग असेल ते आई-बाबांच्या किंवा आजी-आजोबांच्या नावाने. कारण जानेवारीत शाळा उघडली की पहिल्याच दिवशी मुलं विचारतात, ‘तुला सांताने काय दिलं?’ एकाला आयपॅड आणि एकाला टोपी मिळाली असेल, तर टोपीवाल्या मुलाला कळणारं कारण एकच उरतं: मी कमी चांगला. तुमच्या मुलीने जे सोसलं तेच. शिवाय महागाच्या वस्तूसाठी कुणी कष्ट केले हे मुलांना कळावं, आणि आभार त्या माणसाचे मानले जावेत.

सांताला पत्र लिहायचं म्हणेल तर लिहू द्या, पण ते पोस्टात न टाकता घरातल्या एखाद्या डब्यात ठेवा. अमेरिकेच्या टपाल खात्याचा ‘ऑपरेशन सांता’ हा उपक्रम चांगला आहे. १९१२ पासून टपाल कर्मचारी अशा पत्रांना उत्तरं देत आलेत. पण आता तिथे आलेली निवडक पत्रं, ओळख पटेल असा मजकूर झाकून, इंटरनेटवर ठेवली जातात, आणि अनोळखी माणसं ती निवडून भेटी पाठवतात. ज्या घरांना खरी गरज आहे त्यांच्यासाठी ती जागा राहू द्या. पत्रात काय मागितलंय ते मात्र वाचा. ‘बाबा लवकर घरी येऊ देत’ असलं काही असलं तर ते सांताचं काम नाही, तुमचं आहे.

मॉलमधला फोटो हा सर्वस्वी हौसेचा भाग. पाच वर्षांची मुलगी तिथे घाबरेलच असं नाही, पण रांगेत तिचा हात घट्ट झाला तर परत फिरा. मांडीवर बसायची सक्ती नको. शेजारी उभं राहूनही फोटो होतो. शनिवार-रविवारची दुपार टाळा, आठवड्यातली सकाळ निवडा. आणि ती काय मागते ते कान देऊन ऐका, कारण कुत्र्याचं पिल्लू मागितलं आणि ते येणार नसेल, तर घरी जाताना गाडीतच सांगून टाकायला हवं: ‘जिवंत प्राणी घरात आणायचा की नाही, हे आई-बाबाच ठरवतात.’

मुख्य प्रश्न येईल तो दिवस. मुलांचे सांताबद्दलचे प्रश्न दोन जातीचे असतात आणि त्यांतला फरक ओळखता येतो. ‘रेनडिअर काय खातात?’, ‘तो एका रात्रीत सगळीकडे कसा जातो?’ हे गोष्टीच्या आतले प्रश्न. त्यांना गोष्टीतलीच उत्तरं द्या, किंवा तिलाच उत्तर रचायला सांगा: ‘तुला काय वाटतं?’ दुसऱ्या जातीचा प्रश्न गोष्टीच्या बाहेर उभं राहून येतो. तो बहुतेक वेळा एकांतात येतो, गाडीत मागच्या सीटवरून किंवा झोपताना दिवा घालवल्यावर. आवाज शांत असतो. सोबत पुरावा असतो: आपल्याकडे धुराडं नाही, कागद तोच आहे, अमकी म्हणाली की आईच ठेवते. अशा वेळी एकदा ‘तुला काय वाटतं?’ विचारायला हरकत नाही, कारण तिला स्वतःला किती कळलंय ते त्यातून समजतं. पण ती पुन्हा म्हणाली, ‘नाही, खरं सांग,’ तर खरं सांगायचं. तिथे तिसऱ्यांदा प्रश्न परत फिरवणं म्हणजे टाळणं, आणि मुलांना ते बरोबर कळतं.

एक अडचण हमखास येते: हा प्रश्न चोवीस डिसेंबरच्या संध्याकाळी येतो. तरीही खोटं बोलू नका. ‘हा चांगला प्रश्न आहे, याचं उत्तर मी तुला नक्की देणार. आज ऐकायचंय की नाताळ झाल्यावर?’ असं तिलाच विचारा. पुष्कळ मुलं ‘नंतर’ म्हणतात. त्यांना माहीत असतं, पण एक वर्ष आणखी खेळायचं असतं. तो त्यांचा निर्णय, आणि तो मान्य करावा.

सांगायचं कसं? थोडक्यात आणि कौतुकाने. ‘तू बरोबर ओळखलंस. मोज्यातल्या वस्तू आम्ही ठेवतो. जगातल्या खूप घरांत मोठी माणसं मुलांसाठी हा खेळ खेळतात, कुणी दिलं ते न सांगता द्यायला मजा येते म्हणून. आता तुला कळलंय, तर पुढच्या वर्षी तूही कुणासाठी तरी ठेवायचं.’ यावर थांबा. ती रडली तर समजावण्याची घाई नको, जवळ बसा. रागावली आणि ‘तुम्ही खोटं बोललात’ म्हणाली, तर ‘सगळेच करतात’ असं म्हणू नका. ‘तुला फसवल्यासारखं वाटलं, मला समजतंय. तू विचारलंस तेव्हा मी खरं सांगितलं आणि कधीही विचारलंस तरी सांगेन,’ एवढं म्हणा. पुरावे उभे केले नसतील तर हे वाक्य तुम्हाला खऱ्या तोंडाने म्हणता येतं. मग एकच अट घाला: शाळेत लहान मुलांना सांगायचं नाही, कारण कुणाला कधी सांगायचं हे त्यांच्या आईबाबांनी ठरवायचंय. आणि नववं वर्ष उलटून गेलं तरी तिने विचारलंच नाही, तर पाचवीच्या आधीच्या उन्हाळ्यात तुम्हीच विषय काढा. वर्गात हसं होऊन कळण्यापेक्षा ते बरं.

मुलाची धास्ती बाळगू नका, त्याला कामाला लावा. या आठवड्यात त्याला एकट्याला बाजूला घ्या: ‘तुला माहीत आहे ते आम्हालाही माहीत आहे. यंदा बहिणीसाठी आपण मोजा भरणार आहोत. तुझी मदत हवी.’ पाच डॉलर त्याच्या हातात द्या आणि दोन वस्तू त्याला निवडू द्या. बहिणीने विचारलं तर काय म्हणायचं हेही त्याला आयतं द्या, कारण नऊ वर्षांच्या मुलाला ऐनवेळी सुचत नाही आणि त्याच्याकडून खोटं वदवून घेणं बरं नाही: ‘मला नको विचारू, आईला विचार.’ त्याच्यासाठीही मोजा टांगा. आजवर दोघांपैकी कुणालाच मिळाला नव्हता, तोही लहानच आहे.

आणि त्याला खरा इतिहास सांगा, या वयाला तो फार आवडतो. चौथ्या शतकात आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा नावाच्या गावी, आता त्याला डेमरे म्हणतात, निकोलस नावाचा बिशप होता. त्याच्याबद्दल आख्यायिका अशी, की एका गरीब बापाच्या तीन मुलींची लग्नं व्हावीत म्हणून त्याने रात्री, कुणाला न कळू देता, खिडकीतून सोन्याच्या थैल्या टाकल्या. मोज्याच्या टोकाला संत्रं ठेवतात ते त्या सोन्याची आठवण म्हणून, असं सांगतात. त्याचा दिवस ६ डिसेंबरला असतो, आणि नेदरलँड्समध्ये ‘सिंटरक्लास’ आदल्या संध्याकाळी, पाच तारखेला, भेटी आणतो. हेच नाव न्यू यॉर्कमध्ये येऊन सांताक्लॉज झालं. आठ रेनडिअर १८२३ साली न्यू यॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावच्या वर्तमानपत्रात छापलेल्या कवितेने रूढ केले. लाल नाकाचा नववा १९३९ सालचा. शिकागोतल्या एका दुकानदार कंपनीने मुलांना फुकट वाटलेल्या पुस्तिकेतून आला. जाड, दाढीवाला, हसरा सांता थॉमस नास्ट या व्यंगचित्रकाराने १८६३ पासून काढायला सुरुवात केली. लोकांनी मिळून एक माणूस कसा घडवला हे त्याला यातून दिसेल, आणि पुढे बहिणीला सांगायला तोच उत्तम माणूस ठरेल.

सासूबाई-सासऱ्यांशी विमानतळावरून घरी येईपर्यंत बोलून घ्या, मुलीसमोर नको. ‘आपला काय संबंध’ यात राग कमी आणि काळजी जास्त असते: नातवंडं आपल्यापासून लांब जातायत, ही. त्या काळजीला उत्तर हवं. दिवाळी, संक्रांत, गणपती तुम्ही घरी करत असाल तर एक मोजा टांगल्याने त्यातलं काही कमी होत नाही, हे त्यांना दिसू द्या. त्यांनी सांता खरा आहे असं म्हणावं अशी अपेक्षा करू नका. ‘असलं काही नसतं’ असं नातीला तोडून सांगू नये, एवढंच मागा. निकोलसची गोष्ट त्यांनाच सांगायला सांगितली तर आणखी छान. उजव्या हाताने दिलेलं डाव्याला कळू नये, ही शिकवण त्यांना नवी नाही.

एक प्रश्न पुढे नक्की येणार, त्याची तयारी आत्ताच असू द्या: ‘सांता तुम्ही होता, मग बाप्पा?’ घाबरू नका आणि चिडू तर मुळीच नका. आजपासून एक पथ्य पाळा: ‘सांता आपल्या देवासारखाच’ असं कधीही म्हणू नका. दोन्हींची मोट बांधली की एक सुटताना दुसराही सुटतो. विचारलं तर म्हणा, ‘मोज्यातली वस्तू कुणी ठेवली हे पाहता येतं, ती आम्ही ठेवली. देवाबद्दल माणसं वेगवेगळं मानतात. मी काय मानते ते सांगते, आजी काय मानते ते तिला विचार, मोठी झालीस की तू ठरव.’ घरात श्रद्धा असो वा नसो, हे उत्तर दोन्हीकडे चालतं.

आणि सगळं वाचून तुम्हा दोघांना वाटलं, की नको हे, तर तोही चांगला निर्णय आहे. मुलीचं काही अडत नाही. मग तिला आत्ताच सांगा, की सांता ही एक छान गोष्ट आहे आणि काही घरं ती खेळतात. आपण खेळत नाही, आपण दिवे लावतो, केक करतो, सुट्टीत फिरायला जातो. सांता खोटा असं म्हणण्याऐवजी ‘गोष्टीतला’ म्हणा. वर्गात न सांगण्याची अट इथे जास्त महत्त्वाची, कारण पाच वर्षांच्या मुलाला गुपित पेलत नाही. बाईंना एक चिठ्ठी पाठवून ठेवा, म्हणजे काही झालंच तर त्या सांभाळून घेतील. फक्त एक करू नका: एक वर्ष आणायचा, पुढच्या वर्षी ‘आपण हे मानत नाही’ म्हणून बंद करायचा. त्यातून मुलीला पुन्हा तेच वाटेल, की यंदा आपलं काहीतरी चुकलं.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी एवढंच, की पुण्या-मुंबईच्या शाळांत लाल डगला घालून कुणी चॉकलेटं वाटतं तेव्हा ती सगळ्यांना सारखी मिळतात, म्हणून तिथे हा पेच सहसा पडत नाही. आणि मुलांना नाताळ खरोखर दाखवायचा असेल तर वसईला किंवा गोव्याला एखाद्या ओळखीच्या ख्रिस्ती घरी घेऊन जा. तिथे मध्यभागी गोठा असतो, बाळ येशू असतो; सांता असलाच तर कडेला.

तुमच्याकडे आणखी एक पाहुणी वर्षभरात येणार आहे. मुलीचा पहिला दात सहाव्या वर्षाच्या आसपास हलायला लागेल आणि वर्गात टूथ फेअरीची, म्हणजे पडलेला दात नेऊन नाणं ठेवणाऱ्या परीची, चर्चा सुरू होईल. सांतासाठी जे ठरवाल तेच तिला लावा, नाहीतर नियम कळत नाही. दात कौलांवर फेकून उंदराकडे नवा मागायची आजीची रीत सासूबाईंकडून तोपर्यंत शिकून घ्या. दोन्ही करता येतं. फेअरी आणायचीच असेल तर नाणं एक डॉलरचं पुरे, पहिल्या दाताला जास्त दिलं की विसाव्यापर्यंत तोच दर मागितला जातो. आणि दात उशीखाली न ठेवता खिडकीत छोट्या वाटीत ठेवायची सवय लावा, म्हणजे झोपलेल्या मुलीच्या डोक्याखाली मध्यरात्री हात घालावा लागत नाही.